थेरपीच्या मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

सात रस्ता ते विजापूर रोड ही ने-आण तुम्ही भाडं घेऊन करता. आभार मानायचेत ते भाड्यात न धरलेल्या कामाचे.

तुमच्या रिक्षातल्या काही मुलांना सॅनफिलिपो आजार आहे. त्यात हेपरान सल्फेट नावाची साखरेची लांब साखळी पेशींत साचते आणि मेंदू झिजत जातो. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात वागणं बदलतं: एका जागी ठरणं नाही, रात्री झोप नाही, धोक्याची भीती नाही, हाताला लागेल ते तोंडात. मेंदूचा ब्रेकच निकामी होत असतो, तिथं ‘गप बस’ म्हणून काय होणार? तुम्ही ओरडत नाही. उजवीकडे आडवा दांडा बसवून घेतलात. मूल त्या बाजूला, सोबतचं मोठं माणूस डावीकडे, म्हणजे चढण्या-उतरण्याची वाट अडलेली. चालत्या रिक्षात बिस्किट देऊ देत नाही, हे तर फार मोलाचं. या मुलांचं गिळणं बिघडत जातं. खड्ड्यात गचका बसला की घास श्वासनलिकेत जायची भीती.

बॅटन या मेंदूच्या दुसऱ्या आजाराच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यातल्या एका प्रकारात आधी नजर जाते, मग घाबरणं, चिडणं, तेच ते विचारणं सुरू होतं. तुम्ही हात लावण्याआधी नाव घेता, वळण्याआधी ‘आता डावीकडे’ म्हणता, दहाव्यांदा विचारलं तरी उत्तराचे शब्द बदलत नाही.

एखादं मूल एकाएकी कानावर मारायला लागलं की इतर लोक ‘आजार वाढला’ म्हणतात. तुम्ही आईला कान दाखवून आणायला सांगता. बरोबर तेच. आजाराचा बदल बहुधा महिन्यामहिन्यांनी उतरतो. दोन दिवसांत वागणं पालटलं तर आधी दुखणं शोधायचं: कान, दात, तुंबलेलं पोट, लघवीची जळजळ. शांत करणारं औषध त्यानंतर. नाहीतर मूल गुंगीत आणि दुखणं तसंच.

गोवरानंतर काही वर्षांनी होणाऱ्या एसएसपीई या मेंदूच्या आजारातही आधी अभ्यास आणि स्वभाव घसरतो, मग ठरावीक अंतरानं झटके येतात. हातातून डबा पडतो, तो मस्तीनं नव्हे. रिक्षा कडेला घेऊन तुम्ही काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना आमच्या पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

एक विनंती. दंगा करणारं मूल पुढे गप्प होतं, तेव्हा ‘सुधारला की!’ असं वाटतं. तसं दिसलं तर आम्हाला लगेच सांगा. हालचाल आणि गिळणं मंदावलेलं असू शकतं. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की होम मैदानाकडून नको, मागल्या रस्त्यानंच या, उशीर चालेल.

आपले,
थेरपिस्ट आणि पालक, सोलापूर