काटकसर आणि तुम्ही दोघं

पुणे

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

बाबा, रोज रात्री वहीत काय लिहितेस, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

ती वही तुमच्या जमाखर्चाच्या वहीसारखीच आहे, फक्त रकाने वेगळे आहेत. दिवसभरात पैसा, पाणी, वेळ आणि बोलणं कशावर गेलं आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं, एवढंच मी लिहिते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला काम समजावण्यात अर्धा तास गेला, तो सत्कारणी लागला. त्याच दिवशी फोन चाळण्यात गेलेला वेळ तसा लागला नाही. दोन्ही एकाखाली एक लिहिलं की उद्याचा दिवस कसा लावायचा ते कळतं. स्वतःला सुधारण्याचे मार्ग हल्ली पुष्कळ सांगितले जातात. मला हा मानवला, कारण तो आपल्याच घरात शिकले.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मांजरा धरण आटलं, नळ कोरडे पडले, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी जवळपास साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आपल्यापर्यंत आलं, याचं तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं! घरात आई पाणी वाटायची. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला, आणि पिण्याच्या पिंपाला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही.

त्यातली एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. आई, तू सगळ्यांच्या आंघोळी कमी केल्यास, स्वतःची तर आधी. पण आजीचं अंग पुसायला रोज सकाळी कोमट पाणी असायचंच. टँकर आला नाही त्या दिवशीसुद्धा. बाबांनीही त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. किती वाचवलं यापेक्षा ते कुणासाठी राखलं, हे आपल्या घरात आधी पाहिलं जायचं. विचारपूर्वक जगणं म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला पुढे कुठल्याच शिबिरात मिळाला नाही. इथे पुण्यात नळाला पाणी असतं, तरी मी बादलीनेच आंघोळ करते. शुद्ध पाण्याच्या मशीनमधून एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडतं, ते साठवून फरशीला वापरते. टंचाई नसताना ही सवय टिकवायची, हे मी मनाशी ठरवून केलं आहे आणि त्यात मला खरा आनंद आहे.

आता तुमच्याबद्दल लिहिते. रागावू नका.

आजी तेव्हा ज्या वयाची होती, त्या वयाच्या जवळ तुम्ही आता आला आहात. तरी तुमच्या दोघांच्या हिशोबात स्वतःचा वाटा अजून शेवटीच लागतो. आई, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर तू पाणी पीत नाहीस, हे मला दिवाळीत कळलं. लातूरच्या उन्हाळ्यात हे बरं नाही. वयानुसार तहान लागल्याचं कळणंही कमी होतं, त्यामुळे तहान नाही म्हणजे पाण्याची गरज नाही असं धरून चालत नाही. तू पाणी टाळतेस त्याचं कारण पाण्यात नाहीच. बोळ काळोखा आहे, न्हाणीघराची फरशी ओली असते, आणि डोळ्यात मोतीबिंदू आहे. तू पडायला भितेस. भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे.

बाबा, विजेचं मी मोजलं आहे. आपला जुना झिरोचा दिवा नावालाच झिरो, तो बारा-पंधरा वॉट खायचा. आताचा अर्ध्या वॉटचा एलईडी रोज रात्री दहा तास जळला, तर एक युनिट व्हायला दोनशे रात्री लागतात. बोळात एक आणि न्हाणीघराच्या दाराशी एक, असे दोन लावू. हा खर्च तुमच्या वहीत बसतो.

आणि मोतीबिंदू पिकू दे मग बघू, हे आता नको. पूर्वी तसं म्हणायचे. हल्लीच्या शस्त्रक्रियेला तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, उलट फार पिकला तर काम अवघड होतं. डॉक्टर सांगतील तेव्हा करून घेऊ, मी सुट्टी काढून येईन. पैशांचं म्हणाल तर मी बाजूला काढून ठेवलेच आहेत. माझ्या वहीत तो रकाना सगळ्यात वर आहे.

मी अक्षय्य तृतीयेला चार दिवस येते आहे. न्हाणीघरात आणि संडासात धरायला स्टीलचे दांडे बसवायचे आहेत, आणि घसरणार नाही अशी रबरी चटई मी इथूनच आणते. बाबा, भिंतीला टाइल किती उंचीपर्यंत आहे ते टेपने मोजून कळवा. भिंत विटेची आहे की आत पोकळ ठोकळे आहेत, तेही गवंड्याला विचारून ठेवा, कारण पोकळ भिंतीत दांडा साध्या स्क्रूने टिकत नाही. उंची मात्र तुम्ही दोघांनी उभं राहून, बसून ठरवा. दांडा कुठे हवा हे तुमच्या हातालाच कळणार.

आणि आई, रात्रीच्या जेवणानंतर तांब्याभर पाणी उशाशी ठेव. प्यायलीस का, ते मी रोज फोनवर विचारणार आहे.

तुमची,
मनू