घड्याळाचा धडा, सुम्याला

प्रिय सुम्या,

तुझा मेसेज वाचला, "स्पॅनिशच्या क्लासमध्ये घड्याळाचा धडा सुरू झालाय आणि माझेच बारा वाजलेत", वाचून इथे स्पेनमध्ये ऑफिसात एकटाच हसलो. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकणार होतो पण टाइप करता करता ते एवढं लांबलं की म्हटलं सरळ मेल करावी, तू पण निवांत वाचशील, आणि तुझ्या त्या नव्या माद्रिदच्या क्लायंटबरोबर कॉल सुरू व्हायच्या आत वाच म्हणजे झालं, कारण अर्धं पत्र त्यासाठीच आहे.

आधी एक सांगतो, व्याकरणाचं टेन्शन अजिबात घेऊ नकोस. मराठी माणसाला स्पॅनिश घड्याळ अर्धं येतंच, फक्त कोणी सांगत नाही. क्लासमध्ये इंग्लिशमधून शिकवतात ना, तिथेच घोळ होतो. बाईंनी सांगितलं असेल की एक वाजला असेल तर 'एस ला ऊना' आणि दोनपासून पुढे 'सोन लास दोस, सोन लास त्रेस', म्हणजे एक एकवचनी आणि बाकी सगळे अनेकवचनी. इंग्लिशवाले यावर डोकं धरून बसतात, त्यांच्याकडे सगळ्याला एकच 'इट इज'. पण तू काय म्हणतोस? एक वाजला, दोन वाजले. झालं की! आणि गंमत पुढे आहे. दीड वाजला म्हणतोस, वाजले नाही म्हणत, तसंच इथे 'एस ला ऊना इ मेदिया', एकवचनीच. सव्वा वाजला, 'एस ला ऊना इ क्वार्तो'. पाऊण वाजला, तर 'एस ला ऊना मेनोस क्वार्तो', म्हणजे एकला पाव कमी, इथेही एकवचनच. आणि साडेबारा वाजले की लगेच अनेकवचन, 'सोन लास दोथे इ मेदिया'. मी मुद्दाम कागदावर सगळी जोडी लावून बघितली, एकही कुठे फसत नाही. त्यामुळे तू मनात मराठीत वेळ म्हण, क्रियापद आपोआप बरोबर येतं, इंग्लिशला मध्ये घेऊच नकोस.

'मेनोस'चं पण तेच. अर्ध्या तासापर्यंत 'इ' लावून मिनिटं जोडायची आणि अर्धा उलटला की पुढच्या तासातून वजा करायची. पावणेतीन म्हणताना आपण कधीच तीनकडे बघायला लागलेलो असतो ना, तसंच 'लास त्रेस मेनोस क्वार्तो'. दोन पन्नास म्हणजे 'लास त्रेस मेनोस द्येथ', तीनला दहा कमी. आता तुमच्या बाई कुठलं स्पॅनिश शिकवतायत मला माहीत नाही, मेक्सिकोचं शिकवत असतील तर त्या 'द्येस पारा लास त्रेस' म्हणतील, म्हणजे तीन वाजायला दहा, तिकडे पेरू कोलंबियातही असंच बोलतात. दोन्ही बरोबर आहे, भांडू नकोस त्यांच्याशी. फक्त माद्रिदवाला तुला 'मेनोस'च म्हणणार हे धरून चाल.

एकच ठिकाणी तू नक्की अडकशील आणि त्याला कारण तुझं जर्मन. तू कॉलेजात दोन लेव्हल केल्यास ना, तिथे 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, तीनचं नाव घेऊन अडीच. ते डोक्यातून काढ. इथे अडीच म्हणजे 'लास दोस इ मेदिया', दोनच्या पुढे अर्धा, सरळ. बार्सिलोनाकडे मात्र कातालान लोकांचं जुनं घड्याळ आहे, ते अडीचला 'दोस क्वार्त्स दे त्रेस' म्हणतात, तीनच्या तासातले दोन पाव झाले असं, सव्वादोन म्हणजे तीनमधला एक पाव. पण तुझा क्लायंट माद्रिदचा आहे त्यामुळे ते सोड, मला आवडतं म्हणून सांगितलं.

कानाचा प्रॉब्लेम मात्र खरा आहे. दोन म्हणजे 'दोस' आणि बारा म्हणजे 'दोथे', हा थ इथे स्पेनमध्ये जीभ दातात धरून काढतात, लॅटिन अमेरिकेत तो स होतो आणि मग 'दोस' आणि 'दोसे' असं होतं, फोनवर खराब नेटवर्कमध्ये शेवटचा 'ए' गेला की बाराची मीटिंग दोनची झाली. 'त्रेस' आणि 'त्रेथे'चं पण तसंच, तीन आणि तेरा. त्यात हे लोक शब्द चिकटवून बोलतात, 'दोस इ द्येथ' हे 'दोसिद्येथ' असं एकाच दमात येतं आणि आपण त्यात 'इ' शोधत बसतो. त्यामुळे ऐकलेला आकडा परत बोलून दाखवायचा, 'आ लास दोथे, नो?' असं, कोणी वाईट मानत नाही. आणि हो, हे 'आ' विसरू नकोस. किती वाजले याचं उत्तर 'सोन लास', किती वाजता याचं उत्तर 'आ लास'. वाजले आणि वाजता, पुन्हा आपलंच.

कागदावर, म्हणजे मेल, तिकीट, रेल्वेचं टाइमटेबल, सगळीकडे चोवीस तासांचं घड्याळ. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकलीस तर 'कातोर्थे त्रेइंता इ थिंको' अशी येते, १४.३५. पण तीच वेळ माणूस बोलताना 'लास त्रेस मेनोस बेइंतिथिंको' म्हणेल, म्हणजे तीनला पंचवीस कमी. चौदा इ मेदिया असं कोणी म्हणत नाही, पाव-अर्धा ही भानगड फक्त बारा तासांच्या घड्याळात. सुरुवातीला तू मेलमधली वेळ जशीच्या तशी वाचून दाखव, कळतं लोकांना.

आता मेन मुद्दा. इथले आकडे शिकायला एक दुपार पुरते, पण 'दुपार' शिकायला वेळ लागतो. तुझा क्लायंट म्हणेल 'आब्लामोस पोर ला तार्दे', आणि तू डिक्शनरी बघून म्हणशील ठीक आहे, दुपारी बोलायचंय, आणि पुण्यात चार वाजल्यापासून लॅपटॉप उघडून बसशील. अरे इथली तार्दे जेवणानंतर सुरू होते, आणि जेवण होतं दोन-अडीचला, कधी तीनला. म्हणजे त्याची तार्दे चारला उघडणार, तेव्हा तुझे साडेसात वाजलेले. आणि संपणार कधी, तर इथे आठला पण 'लास ओचो दे ला तार्दे' म्हणतात, रात्रीचे आठ नाही. नऊ झाले की मग 'दे ला नोचे'. सकाळचंही तसंच ताणलेलं, दुपारी दीडला लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर तो 'बुएनोस दियास', म्हणजे शुभ सकाळ, म्हणतो कारण त्याचं जेवण व्हायचंय अजून, जेवण झालं की 'बुएनास तार्देस'. 'मेदियोदिया' म्हणजे डिक्शनरीत मध्यान्ह, पण इथे कोणी 'आ मेदियोदिया भेटू' म्हणाला तर ते बारापासून थेट जेवायच्या वेळेपर्यंत काहीही असू शकतं. त्यामुळे माझा सल्ला एवढाच, दिवसाच्या भागावर कधी मीटिंग ठरवायची नाही, आकडा मागायचाच, 'आ के ओरा?', किती वाजता, आणि वर 'ओरा दे माद्रिद?' म्हणून खुंटा हलवून बळकट करायचा.

हे असं का, तर याच्यामागे एक भारी गोष्ट आहे, ती ऐक. माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, नकाशा काढून बघ, लंडनपेक्षाही डावीकडे. १९०१ पासून स्पेनची वेळ ग्रीनिचचीच होती, जी त्यांना शोभतेही. मग १९४० साली १६ मार्चला रात्री अकरा वाजता हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे ढकलली, म्हणजे जर्मनीची वेळ घेतली, आणि दुसरं महायुद्ध संपलं तरी ती परत मागे आलीच नाही. त्यात उन्हाळ्यात सगळ्या युरोपसारखा आणखी एक तास पुढे. त्यामुळे आत्ता जूनमध्ये इथे सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या आसपास, आणि मावळतो पावणेदहाला. वायव्य टोकाला गालिथियात ला कोरुन्याला तर दहा वाजून गेल्यावर. आता बघ, हे दोनला जेवतात म्हणून आपण नावं ठेवतो पण सूर्याच्या हिशोबाने ते बाराच्याही आधी जेवतायत! उशीर घड्याळाला झालाय, त्यांच्या पोटाला नाही. सगळं खापर फ्रँकोवर फोडू नये म्हणा, कामाच्या वेळा, मधली लांब सुट्टी, बरीच कारणं आहेत, पण आठ वाजता बाहेर लख्ख ऊन असताना रात्रीचे आठ म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही, तार्देच बरोबर वाटतं.

आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही, तुझ्या आजोबांना गिरगावातले दिवस आठवत असतील तर विचार. १९०६ ला इंडियन स्टँडर्ड टाइम आला पण मुंबईने आपली वेगळी वेळ सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे, ती थेट १९५५ पर्यंत चालली. मुंबईकर निदान सूर्याच्या बाजूने भांडले.

इथेही एक तुकडा वेगळ्या वेळेवर आहे, स्पेनची कानारियास बेटं, तिथे एक तास कमी. म्हणून रेडिओवर दर तासाला 'सोन लास नुएवे, लास ओचो एन कानारियास' असं सांगतात. तुला प्रॅक्टिससाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, रादियो नाथिओनाल ऑनलाइन लाव आणि तासाच्या ठोक्याला ऐक, एका वाक्यात दोन वेळा मिळतात, शिवाय आवाज स्वच्छ. संध्याकाळी साडेचारला लावलंस तर तुला 'ला ऊना' आणि 'लास दोथे' एकत्र मिळेल, एकवचन-अनेकवचन सकट.

'क्वार्तो'चा म्हणजे पाव तासाचा सराव करायचा असेल तर ३१ डिसेंबरला इकडे ये. माद्रिदमध्ये पुएर्ता देल सोलच्या चौकात १८६६ सालचं घड्याळ आहे, त्याच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची, तीन-तीन सेकंदांनी एक ठोका. पण बाराच्या आधी ते घड्याळ चार वेळा 'क्वार्तोस' वाजवतं, पावाचे टोले, आणि तेच ठोके समजून लोक द्राक्षं कोंबायला सुरुवात करतात. दरवर्षी टीव्हीवरचा निवेदक अख्ख्या देशाला समजावतो की हे पाव आहेत, थांबा, अजून खाऊ नका. आदल्या रात्री तर रंगीत तालीमही होते. तर सांगायचा मुद्दा, क्वार्तोमध्ये तूच एकटा गोंधळत नाहीस.

बाकी बोलण्यातलं थोडं. 'लास थिंको इ पिको' म्हणजे पाच वाजून काहीतरी, हे 'काहीतरी' दोन मिनिटं की पंचवीस हे माणसावर अवलंबून. 'सोब्रे लास नुएवे' म्हणजे नऊच्या सुमारास. 'आ लास तांतास' म्हणजे पार उशिरा, किती ते विचारूच नये. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत सगळी 'माद्रुगादा', आपली पहाट त्यात शेवटी येते, त्यामुळे रात्री दोनलाही दोस दे ला माद्रुगादा. आणि सकाळचे आठ म्हणताना 'दे ला मान्याना' पण नुसतं सकाळी भेटू म्हणताना 'पोर ला मान्याना', आकडा असला तर दे, नसला तर पोर, परीक्षेत हे हमखास विचारतात.

अजून एक, 'तिएनेस ओरा?' रस्त्यात कोणी विचारलं तर त्याला वेळ हवी आहे, घड्याळात किती वाजले ते. पण दवाखान्याच्या काउंटरवर तेच विचारलं तर अपॉइंटमेंट आहे का. आमच्या ऑफिसातला कोल्हापूरचा एक पोरगा तापाने फणफणलेला असताना रिसेप्शनवरच्या बाईला मनगट पुढे करून अगदी सविस्तर वेळ सांगून आला, ती म्हणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान डोलावत होती. व्याकरण मात्र एकदम बरोबर होतं असं तो अजून अभिमानाने सांगतो.

चल, बास. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेव, त्या दिवशी इथे घड्याळ मागे जातं आणि आपलं अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं, कॅलेंडरमध्ये क्लायंटचे कॉल माद्रिदच्या वेळेनेच टाक म्हणजे ते आपोआप सरकतील. या रविवारी फोन कर, इथले पाच, तुझे साडेआठ, आणि काकूंना म्हणावं मी त्यांना जेवायला उशीर करणार नाही.

तुझाच,
मंद्या