पोलिसांच्या .४१० मस्केटचा एक नमुना तरी जपावा

मा. संपादक महोदय,

पोलिसांच्या जुन्या .३०३ (इंच व्यासाच्या नळीच्या) रायफली सेवेतून बाद झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. मात्र तिच्यापासूनच घडवलेल्या .४१० मस्केटला, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीला, असा निरोप लाभला नाही. दोन्ही हत्यारे वरून सारखीच दिसत असल्यामुळे मस्केटच्या छायाचित्राखालीही ‘थ्री नॉट थ्री’ असेच छापले जाते.

वास्तविक या मस्केटचा इतिहास वेगळा आहे. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्ड रायफली पोलीस आणि तुरुंग पहारेकऱ्यांसाठी बदलण्यात आल्या. नळीतील पीळदार खाचा काढून ती गुळगुळीत केली गेली आणि दहा काडतुसांच्या मॅगझिनची जागा लाकडी ठोकळ्याने बंद केली गेली, त्यामुळे दर वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागे. काडतूसही .३०३ च्याच पितळी कोशाचे, पण पुढची मान न आवळता सरळ ठेवलेले असे. खाचांअभावी गोळीला फिरकी मिळत नसे आणि लांबवरचा नेम साधत नसे. ही उणीव कारागिराची नव्हती, ती हेतुपुरस्सर ठेवलेली होती. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी खाचा नसलेल्या नळीची एनफिल्ड बंदूक काढली होती. हिंदी माणसाच्या हाती, मग तो सरकारी गणवेशात का असेना, पूर्ण क्षमतेचे हत्यार द्यायचे नाही, हेच धोरण या मस्केटमागेही होते. हत्यार पळवले गेले तरी लष्करापुढे ते टिकू नये, असा तो हिशेब होता.

मला खटकते ते याच्या पुढचे. राज्यकर्ते गेले, तरी अविश्वासातून जन्मलेली ही मस्केट स्वतंत्र भारताच्या पोलिसांच्या खांद्यावर पुढे कित्येक वर्षे राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच ईशापूर कारखान्याने जुन्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरची २ए आणि नंतर २ए१ रायफल तयार केली. तीही पुढे पोलिसांकडे आली. पण ती निदान पूर्ण क्षमतेची रायफल होती.

आमच्या तालुक्याला हा विषय परका नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यासमोर झालेल्या गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. अशा मुलखात पोलिसांचे जुने हत्यार हे केवळ भंगार नसून इतिहासाचा पुरावा आहे, आणि भट्टीत गेलेला पुरावा पुन्हा उभा करता येत नाही.

म्हणून गृह विभागाला विनंती आहे की, विदर्भातील जिल्हा पोलीस मुख्यालयांच्या शस्त्रागारांत .४१० मस्केट किंवा २ए१ रायफल शिल्लक असल्यास, ती वितळवण्यापूर्वी प्रत्येकी एक नमुना कायमचा निकामी करून नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाकडे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याकडे, सोपवावा. सोबत त्या हत्याराचा बट (दस्ता) क्रमांक, ते कोणत्या ठाण्यांत फिरले याची नोंदवहीतील माहिती आणि मराठीतील सविस्तर फलक असावा. ज्या निवृत्त शिपायांनी आणि होमगार्डांनी ही हत्यारे वापरली, त्यांच्या आठवणीही याच कामात नोंदवून घ्याव्यात; ती पिढी आता थकली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. आष्टी, जि. वर्धा