ग्रबच्या फाइलमधल्या तुमच्या तीन ओळींबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्या वाचनालयाच्या संगणक कक्षातले, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे नवे लॅपटॉप आता सकाळी उघडल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत सुरळीत चालतात. स्क्रीन चमकत नाही, आडवे पट्टे उमटत नाहीत, अभ्यासाला बसलेली मुलं डोळे चोळत उठत नाहीत. हे तुमच्यामुळे झालं.

तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. विक्रेत्याने "लिनक्स टाकलंत ना, मग आता आमचा संबंध नाही" म्हणून हात झटकले. एका दुरुस्तीवाल्याने पॅनेल बदलायचा खर्च कागदावर लिहून दिला, तोही बायोसच्या (लिनक्सच्या आधी येणाऱ्या, यंत्राच्या स्वतःच्या) स्क्रीनकडे एकदा न बघता. आणखी एकाने बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या, आज्ञेच्या ओळीत 'नोमोडसेट' घातलं, चित्र दिसू लागलं, पैसे घेतले आणि गेला. या शेवटच्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, कारण त्याने बिघाड झाकला आणि त्यालाच दुरुस्ती म्हटलं. नोमोडसेट म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला कामच करू न देणं. मग यूईएफआयने, म्हणजे आजकालच्या बायोसने, सुरुवातीला जे रिझोल्यूशन लावून दिलं तेवढ्यावर स्क्रीन कशीबशी चालते आणि सगळं चित्र प्रोसेसर रंगवत बसतो. 'जीएलएक्सइन्फो -बी' ही आज्ञा चालवली की रेंडररच्या (चित्र रंगवणाऱ्याच्या) जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसतं, म्हणजे ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे. ब्राइटनेसच्या कळा मेल्या होत्या, प्रोजेक्टर लागत नव्हता, व्हिडिओ लावला की पंखा घोंघावायचा. नव्या यंत्राचं असं मातेरं करून कुणी निर्धास्त कसं झोपतं?

तुम्ही आलात आणि आधी नुसतं बघत बसलात. लॅपटॉप बंद करून एफ२ दाबलंत, बायोसच्या सेटिंगची स्क्रीन उघडली आणि ती तशीच बराच वेळ ठेवलीत. तिथे काहीच चमकलं नाही. पॅनेल किंवा त्याची केबल गेली असती तर बिघाड बहुधा तिथेही दिसला असता. मग नोमोडसेट काढून, लिनक्समध्ये पट्टे उमटत असतानाच स्क्रीनशॉट घेतलात. तो स्वच्छ आला. म्हणजे ग्राफिक्सने तयार केलेलं चित्र बरोबर होतं, ते पॅनेलपर्यंत जाताना बिघडत होतं. एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडला, त्यावर सगळं ठीक. पॅनेल बदलण्याचा खर्च वाचला तो या तीन तपासण्यांमुळे, आणि त्यांतल्या एकीलाही स्क्रूड्रायव्हर लागला नाही. ज्यांच्या नव्या लॅपटॉपची स्क्रीन लिनक्सवर चमकते आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी एवढं घरीच करून बघावं.

बिघाड एक नव्हता, दोन होते, आणि ते एकात एक गुंतले होते. आमच्याकडे होती ती 'डेबियन १२' ही लिनक्सची आवृत्ती आली जून २०२३ मध्ये, आणि त्यातलं ६.१ कर्नल (प्रणालीचा गाभा) डिसेंबर २०२२ चं. आमच्या लॅपटॉपमधली इंटेलची कोअर अल्ट्रा चिप बाजारात आली डिसेंबर २०२३ मध्ये. या चिपच्या ग्राफिक्सला इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर आपणहून ओळखायला लागला तो ६.७ कर्नलपासून. त्याआधीच्या कर्नलवर पॅरामीटर (बूटच्या ओळीतले शब्द) चिकटवून तो सक्तीने चालवला, जसा आमच्याकडे चालत होता, तरी काम अर्धवटच व्हायचं. तुम्ही डेबियन १३ वर नेलंत, कर्नल ६.१२ झालं, मेसा ही ग्राफिक्सची लायब्ररीही नवी आली. 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग चालू करून इंटेल ग्राफिक्सचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) पॅकेज घातलंत आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअर सापडत नसल्याची तक्रार उरली नाही ना, ते तपासलंत. पुष्कळ जण कर्नल बदलतात आणि फर्मवेअर विसरतात, मग निम्मंच काम होतं.

त्यानंतर रिझोल्यूशन पूर्ण मिळालं, ब्राइटनेस चालू झाला, पण काही लॅपटॉपवर चमकणं राहिलंच. माउस हलवला की थांबायचं, हात काढला की सुरू. तुम्ही लगेच म्हणालात, "हे पीएसआर आहे." पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही सोय ईडीपीच्या (लॅपटॉपचं पॅनेल ग्राफिक्सला जोडणाऱ्या मानकाच्या) १.३ आवृत्तीत, २०११ साली आली. चित्र स्थिर असलं की पॅनेल ते स्वतःच्या मेमरीतून दाखवत राहतं आणि ग्राफिक्सकडून येणारी लिंक झोपते, त्यामुळे बॅटरी वाचते. पुढच्या पीएसआर-२ मध्ये चित्राचा बदललेला तेवढाच पट्टा पाठवला जातो. लिंक जागी होताना वेळ चुकली की स्क्रीन लुकलुकते, पट्टा चुकीच्या जागी पडला की आडव्या रेघा दिसतात.

इथे बहुतेक जण 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' लिहून मोकळे होतात. (टंकताना अर्थात सगळं रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.) तुम्ही आधी शेवटी ० ऐवजी १ लिहून पाहिलंत. शून्य म्हणजे पीएसआर पूर्ण बंद, एक म्हणजे पीएसआर-१ पर्यंतच परवानगी. ग्रबच्या (यंत्र सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) मेनूत ई दाबून, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ते जोडलंत आणि कंट्रोल-एक्स. असा बदल एका बूटपुरताच टिकतो, चुकला तरी यंत्र पुन्हा सुरू केलं की पहिल्यासारखं. चमकणं थांबलं, आणि बॅटरीची बचतही बरीचशी राहिली. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) 'आय९१५_ईडीपी_पीएसआर_स्टेटस' या फाइलमध्ये पीएसआर-१ चालू असल्याची ओळ दाखवलीत, तेव्हाच आमची खात्री पटली. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर चुकलं तर कर्नल ते मुकाट सोडून देतं आणि फक्त डीमेसेजमध्ये 'अननोन पॅरामीटर' अशी नोंद करतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

ज्यांच्याकडे वेगळी चिप आहे त्यांच्यासाठी: इंटेलची लुनार लेक असेल तर ड्रायव्हर 'एक्सई' असतो आणि पॅरामीटर 'एक्सई.एनेबल_पीएसआर'. एएमडी असेल तर 'एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०'. कोणता ड्रायव्हर चालू आहे ते 'एलएसपीसीआय -के' सांगतं. अंदाजाने दुसऱ्याचा पॅरामीटर उचलू नका.

पण ताई, हे पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. बदल कायमचा करण्यासाठी तुम्ही ग्रबची फाइल उघडलीत आणि पॅरामीटरच्या ओळीच्या वर, यंत्राने दुर्लक्ष करावं म्हणून हॅशचं चिन्ह देऊन, तीन ओळी लिहिल्यात:

"हे पॅनेल पीएसआर-२ मध्ये चमकतं, म्हणून पीएसआर-१ वर ठेवलंय. कर्नल ६.१२.
नवीन कर्नल आलं की मेनूत ई दाबून हा शब्द काढून बघा. नाही चमकलं तर इथूनही काढा.
नोमोडसेट पुन्हा घालू नका."

मराठीतच, पण रोमन लिपीत. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, उद्या स्क्रीन पुरती गेली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवरच ही फाइल वाचावी लागेल, आणि तिथे देवनागरी उमटत नाही. तुम्ही निघून गेल्यावर, अडचणीच्या वेळी, घाबरलेल्या एखाद्या माणसाला ती फाइल उघडावी लागेल, याचा विचार तुम्ही तेव्हाच केला होता. त्या ओळी वाचताना अजूनही गळा दाटून येतो. एवढी काळजी आमची कुणी केली नव्हती. बाकीच्यांनी काय केलं ते लपवलं, तुम्ही का केलं ते लिहून ठेवलंत. माहिती हातची राखून माणसं आपली गरज टिकवतात असं सगळीकडे दिसतं. तुम्ही मात्र पुढच्या वेळी तुमची गरजच पडू नये अशी व्यवस्था करून गेलात. भलेपणा तो हाच, आणि तो आम्हाला इतक्या जवळून बघायला मिळाला.

तुम्ही जाताना एडिडच्या (पॅनेल स्वतःची ओळख सांगतं त्या माहितीच्या) फाइली मागितल्या होत्या. सगळ्या लॅपटॉपच्या 'ईडीपी-१' कनेक्टरवरून काढून एडिड-डीकोडने वाचल्या. तुमचा तर्क बरोबर निघाला: मॉडेल एकच असलं तरी पॅनेल दोन वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, आणि चमकणारे सगळे लॅपटॉप एकाच पॅनेलचे आहेत. कर्नलमध्ये अशा अडेल पॅनेलची यादी असते, तिच्यात याची नोंद झाली तर हे पॅनेल असलेल्या इतरांनाही काही लिहावं लागणार नाही. दोन्ही पॅनेलच्या फाइली आणि ग्राफिक्सच्या जास्त नोंदी मिळाव्यात म्हणून 'डीआरएम.डीबग=०एक्सई' लावून घेतलेला डीमेसेजचा लॉग वेगळ्या टपालाने पाठवला आहे. आणखी काही मोजून हवं असेल तर कळवा, त्याच दिवशी करू.

आपले कृतज्ञ,
वाचनालयाचा संगणक कक्ष सांभाळणारे आम्ही सगळे