मा. परिवहन मंत्र्यांना खुले पत्र: कॅमेऱ्याला गाडी दिसली, मग मदत का नाही आली?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रथम आपल्या खात्याचे अभिनंदन. परवा माझ्या धाकट्या भावाच्या मोबाइलवर ई-चलान आले. गुन्हा: महामार्गावर धोकादायक रीतीने वाहन उभे करणे. फोटो इतका स्वच्छ की नंबरप्लेट वाचता येते, चारही इंडिकेटर चालू दिसतात, आणि मागच्या चाकाला जॅक लावायला वाकलेला माझा भाऊही दिसतो. मेसेज मी वाचला, कारण तो अजून अंथरुणाला खिळून आहे. कमरेचे हाड मोडले आहे आणि डाव्या मांडीत रॉड आहे.

फोटोवर वेळ छापलेली आहे. मागून ट्रक आदळल्याची वेळ पंचनाम्यात आहे. दोन्हींत अर्ध्या तासाहून जास्त अंतर आहे. म्हणजे गाडी धोकादायक जागी बंद पडली आहे, हे आपल्या यंत्रणेला धडकेच्या अर्धा तास आधी ठाऊक होते. त्या अर्ध्या तासात तिने एकच काम केले. पावती फाडली.

या रस्त्याच्या नियंत्रण कक्षाचे उद्घाटन झाले तेव्हा व्यासपीठावरून काय सांगितले गेले होते, ते मी विसरलेलो नाही. थांबलेले वाहन यंत्रणा आपोआप ओळखेल, पडद्यावर इशारा येईल, गस्तीची गाडी निघेल, आणि मागून येणाऱ्यांना फलकावर सूचना दिसेल. यात अशक्य काही नाही. कॅमेऱ्याच्या चित्रावरून किंवा रडारवरून उभी गाडी काही सेकंदांत ओळखता येते. जगभर हे चालते. चलान काढण्यासाठी आपल्या यंत्रणेने ती ओळखलीच की! मग अलीकडच्या फलकावर ‘पुढे वाहन बंद, डावी लेन टाळा’ एवढे शब्द उमटवायला कोणाची सही लागत होती? त्या दिवशी तो फलक सगळ्यांना सुखाच्या प्रवासाच्या शुभेच्छा देत होता. ट्रकवाल्यालाही दिल्याच असतील.

धडकेनंतरचे ऐका. एका भल्या टेम्पोवाल्याने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून प्रश्न: कितवा किलोमीटर? कुठल्या गावाजवळ? किलोमीटरचा दगड झुडपात. डोक्यावर गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरची लोखंडी कमान, तिच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला स्वतःची जागा मीटरपर्यंत पाठ. आणि हेल्पलाइन विचारते गाव कुठले! मग हद्दीचा घोळ. जखमी माणूस दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीत पडला होता, हा त्याचा दुसरा गुन्हा. शेवटी त्याला टेम्पोच्या हौद्यात घालून नेले. कंबर मोडलेल्या माणसाला कसे उचलावे हे त्या बिचाऱ्याला कोणी शिकवले नव्हते. डॉक्टर म्हणाले, हलवताना इजा वाढली असावी.

रुग्णालयाच्या काउंटरवर आधी अनामत मागितली. अपघातग्रस्तांसाठी मे २०२५ मध्ये केंद्राने कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली आहे, सात दिवस, दीड लाखापर्यंत. मी ते सांगितले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी परदेशी नोट पुढे केली. दागिने गहाण ठेवून पैसे भरले. भावाची नोकरी फिरतीची. पगार बंद आहे. आई रात्री झोपत नाही. हे आपल्या कुठल्या डॅशबोर्डवर दिसते का?

गैरसमज नको. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. उलट्या दिशेने गाडी हाकणाऱ्याला आणि सिग्नल तोडणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांतली सत्तर टक्क्यांहून जास्त माणसे अतिवेगाने मारली, असे केंद्राचाच अहवाल सांगतो. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांच्या वर. देशभरात तासाला १९ मृत्यू. उद्घाटनाचे भाषण अर्धा तास चालले असेल, तर तेवढ्या वेळात देशात नऊ-दहा जण गेले. त्याच अहवालात अपघातांतला साधारण पाचातला एक मागून धडकेचा आहे. म्हणजे माझ्या भावाचे काही जगावेगळे घडले नाही. ज्यासाठी ही यंत्रणा आणली, नेमके तेच घडले, आणि ती बघत बसली.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू आहे. तिच्याबद्दल माझ्या वाचनात येते ते किती चलाने निघाली आणि किती कोटी थकले. किती बंद गाड्यांपाशी गस्त किती मिनिटांत पोचली, हा आकडा मला आजवर छापलेला दिसला नाही. मोजणे अवघड आहे म्हणून नव्हे. कोणी मागत नाही म्हणून.

कायदाही बघा कसा नेमका आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आले, रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी. त्याच दुरुस्तीत कलम १९८अ आहे. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे माणूस मेला, तर ठेकेदाराला, सल्लागाराला किंवा संबंधित यंत्रणेला दंड किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. पिऊन गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच वेळी दहा हजार आहेत, म्हणजे ठेकेदाराचा एक बळी दहा दारुड्यांच्या भावात पडतो. राष्ट्रीय महामार्गाचा एखादा अर्धा किलोमीटर ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण जागा, ठरायला तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू लागतात. आमच्या जागेचा कोटा अजून भरला नसावा. भावाने आपला हातभार लावला आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. उभ्या वाहनाचे चलान निघेल त्याच क्षणी गस्तीला आणि फलकाला सूचना गेलीच पाहिजे, असा लेखी आदेश काढा. कॅमेऱ्याने दिलेली जागा हेल्पलाइनच्या पडद्यावर दिसू द्या. आणि दर महिन्याला वसुलीच्या शेजारी मदत पोचायला लागलेला वेळ छापा. ठेकेदाराचे बिलही त्या वेळेवर ठरवा, मग बघा गस्तीची गाडी कशी धावते.

पण हे होईल असे मला वाटत नाही, कारण या राज्यात यंत्र घ्यायला निविदा निघते आणि ते चालवायला माणूस मिळत नाही. अपघातानंतर लगेच मी माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागितल्या: त्या अर्ध्या तासाची नियंत्रण कक्षाची नोंद आणि ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत. उत्तर आले की ही माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यावसायिक गोपनीयतेत मोडते. माझ्या भावाचा फोटो, नंबर, मोबाइल सगळे तुमच्याकडे. आणि गोपनीयता ठेकेदाराची! प्रथम अपील आज दाखल केले आहे. प्रत सोबत जोडतो. आपल्या कार्यालयाला निदान पोच द्यायला सांगा.

आपला,
एका जखमी वाहनचालकाचा थोरला भाऊ