फाईल वीतभर, नंबर कुठेच नाही

महोदय,
कॅन्सरसाठी केमो सुरू असलेल्या मुलाला १००.४ ताप आला, की सकाळपर्यंत थांबायचे नसते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. पण उपचार मुंबईला आणि घर सोलापुरात अक्कलकोट रोडला. यंत्रमागावरच्या बापाने रात्री दोनला विचारायचे कुणाला? रुग्णालयाची फाईल वीतभर जाड, त्यात उचलला जाईल असा एकही नंबर नाही. गल्लीतले डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन मोकळे होतात (त्यांना तरी केमोचे कागद कोण दाखवतो!). पहिल्याच पानावर चोवीस तास चालणारा नंबर आणि स्थानिक डॉक्टरांसाठी चार ओळी छापाव्यात. शिवाय सोलापूरच्या सिव्हिलमध्ये अशा घरांसाठी एक परिचारिका नेमावी. मुंबईशी तिनेच बोलावे. घाबरलेल्या आईला औषधांची नावे धड सांगताही येत नाहीत.
– एक वाचक, सोलापूर