नगदी पिकाची निवड भावावरच ठरत नाही

महोदय,

उष्ण कटिबंधातील अल्पभूधारक शेतकरी केवळ चढा भाव पाहून नगदी पीक निवडतो, हा समज त्याच्यावर अन्याय करणारा आहे. कॉफीला फळ धरायला ३-४ वर्षे आणि रबराचा चीक काढायला ६-७ वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि म्हणूनच कोकोच्या कोवळ्या रोपांना सावली देणारी, शिवाय वर्ष-सव्वा वर्षात घड देणारी केळी तो सोबत लावतो. तेलताडाचे घड तोडल्यावर एक-दोन दिवसांत गिरणीत पोहोचले नाहीत, तर तेलाची प्रत घसरते. रस्ताच नसेल, तर ते पीक परवडणार कसे? रोपे वाटणाऱ्या योजनांनी या उत्पन्नाविना जाणाऱ्या वर्षांचीही तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक